एक किडनी, दोन आहारतक्ते

कर्करोगामुळे एक किडनी काढलेली, उरलेलीचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) 42, आणि कॅन्सरची औषधं चालू. अशा वेळी हातात दोन आहारतक्ते येतात. किडनीच्या तक्त्यात प्रथिनं किलोमागे 0.8 ग्रॅम, कॅन्सरच्या तक्त्यात 1 च्या वर, झेपलं तर 1.5 पर्यंत. माझं वजन 60 किलो. म्हणजे एकाप्रमाणे दिवसाला 48 ग्रॅम, दुसऱ्याप्रमाणे 90. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच गोंधळ होतो.

दोन्ही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडून एकच आकडा ठरवून घेतला : उपचार चालू असेतो 60 ग्रॅम, उपचार संपून वजन टिकलं की परत 48. (डायलिसिसवर असणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यात प्रथिनांचे घटक वाहून जातात, म्हणून त्यांना किलोमागे 1 ते 1.2 लागतात.)

60 ग्रॅम ताटात असे बसतात : प्रत्येकी 30 ग्रॅम कणकेच्या चार पोळ्यांतून 13, 60 ग्रॅम तांदळाच्या भातातून 4, 30 ग्रॅम मूगडाळीतून 7, दोन अंड्यांच्या पांढऱ्यातून 7, गाईच्या 200 मिली दुधातून किंवा दह्यातून 6, सुरमईच्या 100 ग्रॅम तुकड्यातून 20. उरलेले भाजीतून येतात. मासे नसतील त्या दिवशी 60 ग्रॅम पनीर आणि आणखी दोन अंड्यांचं पांढरं. पिवळं का नाही, तर कमजोर किडनीला बाहेर टाकायला जड जाणारा फॉस्फरस जवळजवळ सगळा त्यातच असतो.

पण पोटात उष्मांकच पुरेसे गेले नाहीत, तर हीच प्रथिनं सरपणासारखी जळून जातात. किलोमागे 30, म्हणजे 1800 उष्मांक हवेत. म्हणून तेल-तुपावर काटकसर करत नाही. तोंडाला चव नसली की मऊ भात, वर चमचाभर तूप.

मीठ दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. सकाळीच वेगळ्या डबीत काढून ठेवायचं आणि त्यातच भागवायचं. लोणचं-पापड सगळ्यांना ठाऊक असतात. पापडखार आणि खायच्या सोड्यातही सोडियम असतं, हे लक्षात येत नाही. सैंधवही शेवटी मीठच. ‘लो सोडियम’ मीठ तर घरात आणूच नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि कमजोर किडनी ते नीट बाहेर टाकू शकत नाही.

पोटॅशियम रिपोर्टमध्ये वाढलेलं असेल तरच कापायचं. उगाच सगळी फळं बंद करून बद्धकोष्ठ ओढवून घेण्यात अर्थ नाही, त्यानेही पोटॅशियम चढतं. वाढलं तर बटाटा, सुरण, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. नुसतं भिजवून फारसं काही निघत नाही, आणि कुकरमध्ये शिजवलं तर सगळं आतच राहतं. त्याच कारणाने डाळीचा कट नको, शहाळं नको. करमळ (स्टार फ्रूट) मात्र रिपोर्ट कसाही असो, पूर्ण वर्ज्य : त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही, उचक्या, भ्रम, झटके येऊ शकतात.

व्यायाम इथे औषधाइतकाच लागतो, कारण नुसती प्रथिनं खाऊन स्नायू बनत नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचललं नाही. आता आठवड्यात पाच दिवस 30 मिनिटं चालणं, बोलता येईल पण जरा दम लागेल अशा वेगाने. दोन दिवस रबरी पट्टा ताणायचा व्यायाम, आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, 10 वेळा, दोन फेऱ्या. ताप असेल, हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल किंवा प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील, तर पट्टा बंद आणि डॉक्टरांना फोन. हाडात गाठ गेली असेल तर कुठलाही भार फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नाही. अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, किडनीला तेच नडतं.

क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, ईजीएफआर त्यावरूनच काढतात) कमी आलं की घरात आनंदीआनंद होतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वजन उतरत असताना ते कमी झालं, तर किडनी सुधारली असेलच असं नाही, मांस झडलेलं असू शकतं. शंका असेल तेव्हा सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी करायला सांगतात. उलटंही होतं : आदल्या रात्री मटण किंवा आदल्या दिवशी जोराचा व्यायाम झाला, तर आकडा खोटा चढतो. म्हणून रक्त द्यायच्या आदल्या दिवशी माझं जेवण वरण-भाताचं आणि चालणं निम्मं.