लिली विसरली नव्हती

कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाचा. सकाळी अकरा वाजता मराठी मजकूर तपासायला हातात आला, आणि त्यात लिली बेइमान ठरली होती.

जुन्या लोकप्रिय जर्मन गाण्यांचा कार्यक्रम होता. बाकीची गाणी जर्मनमधून, मागे पडद्यावर मराठी ओळी. शेवटचं ‘लिली मार्लेन’ मात्र गायिका चालीवर मराठीतच म्हणणार होती, ओळी तेव्हाही पडद्यावर. मजकूर मूळ गाण्याशी ताडून पाहायचं काम माझ्याकडे होतं. चौथ्या कडव्याशी पोचलो तर ओळ दिसली : ‘तू मला कधीच विसरलीस.’

पाच कडव्यांचं हे गाणं एका पहारेकऱ्याचं. बराकीचं मोठं फाटक, समोर रस्त्यावरचा दिवा, त्याखाली निरोप घेणारे दोघं. हान्स लाइप या जर्मन कवीने 1915 मध्ये रशियन आघाडीवर जाण्याआधी ते लिहिलं. दोन मुलींची नावं जोडून त्याने एक नाव केलं. कविता पुस्तकात आली 1937 साली, नोर्बर्ट शुल्त्सने 1938 मध्ये चाल लावली, गायिका लाले आंडरसनची तबकडी 1939 ची. ती घरोघर पोचली 1941 मध्ये, जर्मन ताब्यातल्या बेलग्रेडच्या सैनिकी रेडिओमुळे. तिथून रोज रात्री दहाच्या जरा आधी हे गाणं लागायचं आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात दोन्ही बाजूंचे सैनिक ते ऐकायचे. त्यातली मुलगी विसरून गेलेली असती, तर कोणत्या सैनिकाने ते रोज रात्री ऐकलं असतं?

चूक एका सर्वनामाची होती. जर्मनमध्ये रस्त्यावरचा दिवा स्त्रीलिंगी, म्हणून कवी त्याला ‘झी’ म्हणतो, म्हणजे ‘ती’. तुझी पावलं ‘ती’ ओळखते, तुझी चाल ‘तिला’ ठाऊक आहे, रोज संध्याकाळी ‘ती’ पेटते, पण मला ‘ती’ केव्हाच विसरली. ही सगळी ‘ती’ म्हणजे दिवा. लिलीला कवी थेट ‘तू’ म्हणतो. अनुवादकाने मराठीत ‘दिवा’ घेतला, तो पुल्लिंगी, मग उरलेल्या ‘ती’ला जागाच राहिली नाही आणि तो सगळा दोष लिलीच्या माथी गेला. खरं दुःख त्याहून खोल आहे. जिथे आपण दोघं उभे राहायचो तिथला दिवासुद्धा आता मला ओळखत नाही, तुला मात्र रोज पाहतो. आणि मला काही झालं, तर त्याच्यापाशी तुझ्यासोबत कोण उभं असेल?

उपाय आपल्याच भाषेत होता : बत्ती. ‘गॅसबत्ती’ आपल्याकडेही जुना शब्द आहे. ती स्त्रीलिंगी, त्यामुळे मूळातली ‘ती’ जशीच्या तशी बसली.

तिसऱ्या कडव्यात ‘तीन दिवस लागतील’ असं होतं. मूळ कडव्यातला ‘त्साप्फनश्ट्राइश’ हा सैनिकांना रात्री बराकीत बोलावणारा बिगुल; शब्दाचा मूळ अर्थ पिंपाची तोटी बंद करण्याची खूण. बिगुल वाजूनही बाहेर राहिलास तर तीन दिवस कोठडी, असं पहाऱ्यावरचा सोबती बजावतो. म्हणून ‘तीन दिवस आत बसशील’ केलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पालुपदाने. ‘वी आइन्स्ट’, म्हणजे ‘जसं त्या काळी’. चालीत जागा दोन अक्षरांची. मसुद्यात ‘पुन्हा’ होतं. गळ्यात छान बसतं, गायिकेलाही आवडलं होतं. पण ‘पुन्हा’ पुढचं वचन देतं आणि ‘आइन्स्ट’ मागे वळून पाहतं. या गाण्यात भेटीच्या आशेपेक्षा झालेल्या भेटीची आठवण मोठी आहे. ‘तसे’ घेतलं : ‘तसे, लिली मार्लेन’. तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

मग आलं शेवटचं कडवं. तिथे तो जमिनीच्या पोटातून बोलतो. जिवंत आहे की नाही हे कवी सांगत नाही. रात्रीचं धुकं फिरू लागलं की मी बत्तीपाशी उभा असेन, असं म्हणतो. जर्मन क्रियापदाला लिंग नसतं, म्हणूनच एका बाईच्या आवाजात हे गाणं अडत नाही. मराठीत ‘उभा’ म्हटलं तर गायिकेच्या तोंडी ते खटकतं, ‘उभी’ म्हटलं तर सैनिकच नाहीसा होतो. ‘उभा’ गाळलं. उरलं : ‘त्या बत्तीपाशी मी असेन’. म्हणताना आठ अक्षरं, मूळ ओळीइतकीच, आणि ठोके बत्, पा, मी, सेन यांवर नेमके पडतात.

कार्यक्रमाच्या पत्रिकेत एक दुरुस्ती राहिली होती. ‘झेनझुख्ट’ या विरहाच्या शब्दाचं मूळ ‘शोधणे’ असं छापलं होतं. त्यातला ‘झुख्ट’ आजारपणाचा. कावीळ म्हणजे ‘गेल्पझुख्ट’, त्यातलाच हा. ‘झुरणीचं दुखणं’ असं लिहून दिलं.

तालमीत पडद्यावरची ओळ गायिकेच्या श्वासाआधीच बदलत होती, त्यामुळे शेवट कानाआधी डोळ्यांना कळत होता. तंत्रज्ञाला सांगितलं, तिची ओळ म्हणून झाली की मगच बटण दाब. संध्याकाळी त्याने तसंच केलं. ‘मी असेन’ आधी तिच्या तोंडून आलं आणि मग पडद्यावर उमटलं.