डाव्या मनगटातली थरथर

सकाळी जाग आली की आधी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवतो. मांजर गुरगुरताना अंगाला हात लावावा तशी थरथर कातडीखाली लागते. ती लागली की मगच उठतो. हा माझा फिस्टुला, डायलिसिससाठी रोहिणीला जोडलेली शीर.

मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालून डायलिसिस सुरू केलं. ऐन जुलै, देवगडचा पाऊस. पट्टी सदा ओलसर, जंतुसंसर्गाची धास्ती, डोक्यावरून आंघोळ बंद. डॉक्टर म्हणाले, "काका, हे तात्पुरतं. हातात फिस्टुला करून घ्या."

हृदयाकडून रक्त आणणारी रोहिणी आणि परत नेणारी नीला, म्हणजे शीर, शाळेत नुसत्या पाठ केल्या होत्या, त्या आता समजल्या. मशीनला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागतं. हातावरच्या शिरेतून तेवढं येत नाही, तिथे दाबच नसतो. रोहिणीत दाब असतो, पण ती खोल, आणि आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेणं तिला सोसत नाही. म्हणून शीर कापून तिचं तोंड रोहिणीच्या कुशीला शिवतात. पंपाचा पाइप थेट बागेतल्या पाटाला जोडावा तसं. मातीचा पाट फुटला असता. शीर जिवंत असते, दाबाचं रक्त आलं की रुंदावते, तिची भिंत जाड होते. तिच्या झडपा हृदयाकडेच उघडतात, त्यामुळे रक्ताला आडकाठी नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ साली ही रीत मांडली.

करूळ घाट चढून कोल्हापूर गाठलं. सर्जननी मनगटाच्या दोन्ही रोहिण्या दाबून मूठ आवळायला लावली. उघडली तर तळवा पांढराफटक. मग करंगळीकडची रोहिणी सोडली, आणि तळवा बघता बघता लाल झाला. म्हणजे अंगठ्याकडचं रक्त शिरेत वळवलं तरी पंजा उपाशी राहणार नव्हता. यंत्राशिवाय, नुसत्या बोटांनी केलेली ही तपासणी मी विसरणार नाही.

मी डावखुरा. फिस्टुला कमी वापराच्या हातात करतात, म्हणजे माझ्या उजव्या. पण आजारपणात सलाईन आणि रक्ततपासणीसाठी उजवाच हात वर्षभर टोचला गेला होता. सोनोग्राफीत त्याच्या शिरा आखडलेल्या दिसल्या. त्या जपायच्या असतात हे कोणीच सांगितलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. फिस्टुला डाव्यातच करावा लागला, माझा कोयत्याचा हात गेला.

ऑपरेशन हात बधिर करून झालं, तासाभराचं काम. त्यानंतर त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, सुई नाही, घड्याळही नाही. "ह्या हातान काय उचलू नकात," असं बायको दिवसातून दहादा बजावायची. मी ओटीवर बसून रबरी चेंडू दाबत राहायचो. शीर रोज थोडी फुगलेली दिसायची.

आठव्या आठवड्यात पहिल्यांदा दोन सुया टोचल्या, एक रक्त नेणारी, एक परत आणणारी. चार तास मशीन नीट चाललं. पुढचे काही डायलिसिसही हातावरच पार पडले, तेव्हा मानेतलं कॅथेटर काढलं. जखम भरल्यावर बायकोने न्हाणीत चूल पेटवली, आणि मी डोक्यावरून गरम पाणी ओतून घेतलं.