कौल

मे महिन्यातली दुपार. फणसाची भाजी अंगावर आलेली, डोळे मिटायला लागलेले, तेवढ्यात भाच्याने कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढला आणि ओरडला, "मामा, आत घर आहे!"

खरंच होतं. कुंभारीण माशीचं. ग्राफिक्स कार्डासाठीचा खाचा आमच्याकडे अकरा-बारा वर्षं रिकामाच पडलेला. त्याच्या शेजारच्या पट्टीला मातीचा सुबक गोळा. बाकी सगळीकडे आमच्या अंगणातली तांबडी माती, आणि खाऱ्या हवेने गंजलेले स्क्रू. भाचा मुंबईचा. त्याने मोबाइलवर फोटो काढला. मला जरा लाजच वाटली, कुणी माळ्यावरची अडगळ बघावी तशी.

त्याला सुट्टीभर गेम खेळायचे होते. मला, खरं सांगायचं तर, काहीच नको होतं. पण "एक कार्ड टाक ना, मामा" हे तो इतक्या सहज म्हणाला की मीही शोधायला बसलो. आणि बसलो तो बसलोच.

मशीन २०१४ची. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच-८१चा मदरबोर्ड. एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज देणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट छापलंय, पण हातात घेतला तर भज्यांच्या पुडीएवढा हलका. त्यातून कार्डाला वेगळी वायरही निघत नाही. म्हणजे खाचा जे ७५ वॅट देतो, त्यातच कार्डाने भागवायचं. अशी गरीब स्वभावाची कार्डं थोडी. २०१६ची १०५० टीआय आहे, पण तिला गेमसाठीचे ताजे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ऑक्टोबर २०२५पर्यंतच मिळाले. १०३० आहे, ३० वॅटची. पण एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात. एकाची मेमरी जीडीडीआर-फाइव्ह, दुसऱ्याची साधी डीडीआर-फोर, आणि दुसऱ्या मेमरीचा वेग पहिलीच्या जेमतेम एक तृतीयांश. खोका तोच, नाव तेच. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरलेला ज्याने खाल्लाय, त्याला यापुढे समजवायला नको.

मग २०२२ची ६४००. वॅट फक्त ५३, मन एकदम तिच्यावरच गेलं. पण ती बोर्डाशी बोलते चारच लेनमधून, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटांमधून. नव्या बोर्डावर चालून जातं. आमच्या बोर्डाच्या लेन जुन्या, अरुंद, एकेकीतून सेकंदाला ५०० एमबी जाणार. चार लेन म्हटल्यावर मुंबई-गोवा महामार्ग आठवला आणि मी तो विषयच सोडला. राहिल्या दोघी: २०१९ची १६५०, सोळाच्या सोळा लेन वापरणारी, आणि २०२४ची ३०५०, सहा जीबीवाली, ७० वॅटची, आठ लेनची. एक जुन्याशी जुळवून घेणारी, दुसरी उद्याचा विचार करणारी. दोन रात्री मी या दोघींमध्ये झुलत होतो. तिसऱ्या दिवशी भाचा वैतागून म्हणाला, "मामा, आता कौल लाव."

मी तिसरीत असताना आजोबांनी पंपासाठी देवाला कौल लावला होता. तोवर विहिरीवर पाणी उपसायची लाकडी लाट होती, आणि लाटेच्या कुरकुरीवर आमची सकाळ व्हायची. पोफळी वाढल्या, हात कमी झाले, पंप घ्यावासा वाटला. रवळनाथाच्या देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "व्हय म्हाराजा" झालं, पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटल्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देऊळ थंडगार, तेलाचा वास. माझं लक्ष एका पाकळीवरून हलत नव्हतं. ती हळूच सरकली आणि पडली. डावी.

आजोबा क्षणभर गप्प. मग गुरवाला म्हणाले, "परत इचार. देवाक नीट आयकाक येवक नाय असतला."

दुसऱ्यांदा उजवी पडली. पंप आला. नारळ फुटला, बटण दाबलं, आणि मोटर नुसतीच गुं गुं करत राहिली. संध्याकाळी वाडीतले सगळे दिवे लागले की व्होल्टेज इतकं पडायचं की पाणी वर यायचंच नाही. मग आमचं शिंपण रात्री बारानंतर. आजोबा कंदील घेऊन पाटाशी उभे, मी पेंगत त्यांच्या धोतराला धरून, आणि पोफळींच्या बुंध्याशी काळोखात पाणी पोचल्याचा तो चुळचुळ आवाज. पंप घेऊन चुकलं असं आजोबा शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. लाट मात्र त्यांनी कुणाला मोडू दिली नाही.

तर भाच्याने जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून कॅबिनेटवर चिकटवल्या. उजवी १६५०, डावी ३०५०. आम्ही पंखा बंद करून बसलो. डावी पडली.

"परत लाव," मी म्हणालो.

तो इतका हसला की दुसरी पाकळीही पडली.

भाचा पावसाआधी मुंबईला गेला. कार्ड अजून मागवलेलं नाही. पत्राही लावलेला नाही, कारण कुंभारणीने आता थेट खाच्याच्या तोंडाशीच दुसरा गोळा घालायला घेतलाय, आणि रोज दुपारी ती चिखल तोंडात घेऊन खिडकीतून आत येते. आत अळी आहे. ती उडून जाईपर्यंत थांबावंच लागणार.