जुन्या माउंटन बाइकला नवे ब्रेक

डिस्क ब्रेकच लावायचे, असं आधी डोक्यात होतं. सायकल नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, सस्पेन्शन नसलेला साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), मागे सात गियर आणि पुढे-मागे कॅन्टिलिव्हर ब्रेक, म्हणजे दोन आखूड हात आडव्या तारेने ओढून चाकाच्या कड्यावर (रिमवर) रबर दाबणारे. सपाटीवर काही तक्रार नव्हती. पण खडकाळ उतारावर चारही बोटांनी लिव्हर आवळून धरावी लागे, आणि रिम ओली असली की ब्रेक लावल्यावरही सुरुवातीचा वेळ नुसता पाणी पुसण्यातच जाई. फ्रेम मात्र टाकवत नव्हती. राहिले ब्रेक, तेच बदलायचे.

डिस्कसाठी काय काय लागेल याची यादी केली आणि उत्साह ओसरला. डिस्कला दोन्हीकडून दाबणारा कॅलिपर बसवायला फ्रेमवर मागे डावीकडे भोकं असलेली पट्टी किंवा ठोकळा लागतो. जुन्या पद्धतीत त्या भोकांमधलं अंतर ५१ मिमी, नंतरच्या पोस्ट माउंट नावाच्या पद्धतीत ७४ मिमी. माझ्या फ्रेमवर यातलं काहीच नव्हतं, चिमट्यावरही नव्हतं. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, डिस्क बसवायची सोय नव्हती, म्हणजे दोन्ही चाकंही बदलणं आलं. बाहेरून आवळून बसणारे जोड मिळतात, फ्रेमला पट्टी वेल्ड करून घे असाही सल्ला मिळाला. तो मी ऐकला नाही, कारण प्रश्न पट्टीचा नव्हताच. रिमवरचा ब्रेक आपला भार चिमट्याच्या वरच्या, जाड भागावर टाकतो. डिस्क तोच भार डाव्या पायाच्या खालच्या टोकाशी आणून सोडते, आणि जुन्या चिमट्याची नळी नेमकी तिथेच निमुळती झालेली असते. तिथे पट्टी चिकटवून उतारावर जायची माझी तयारी नव्हती.

मधला एक मार्ग आहे. पुढे डिस्कची सोय असलेला चिमटा आणि तसंच चाक घ्यायचं, मागे रिम ब्रेकच ठेवायचा. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे हे शहाणपणाचं आहे. ज्याला चिमटा बदलायचाच आहे त्याने हेच करावं. फक्त जास्त उंचीचा सस्पेन्शन चिमटा लावला तर सायकलचं नाक वर उचललं जातं आणि हँडल आळसावल्यासारखं वळतं, हे लक्षात असू द्यावं. माझा चिमटा उत्तम होता. त्याला हात लावायची इच्छा नव्हती.

म्हणून व्ही-ब्रेक, म्हणजे लांब हातांचा रिम ब्रेक. शिमानोने १९९६ च्या सुमारास हे आणले आणि थोड्याच वर्षांत माउंटन बाइकवरून कॅन्टिलिव्हर जवळपास हद्दपार झाले. सोय अशी की फ्रेमवरच्या ज्या दोन खुंट्यांवर कॅन्टिलिव्हर बसतो, त्याच खुंट्यांवर व्ही-ब्रेक बसतो. मात्र खुंट्या कुठे आहेत ते आधी पाहावं. त्या रिमच्या खाली, म्हणजे हबच्या बाजूला असतील तर ठीक. ऐंशीच्या दशकातल्या काही सायकलींवर यू-ब्रेक नावाच्या वेगळ्या ब्रेकसाठी त्या रिमच्या वर, टायरच्या बाजूला असतात. तिथे व्ही-ब्रेक बसत नाही.

जुन्या ब्रेकवर अन्याय नको. नीट लावलेला कॅन्टिलिव्हरही चांगलं थांबवतो. पण त्याची सगळी ताकद ब्रेकच्या दोन हातांना जोडणाऱ्या आडव्या तारेच्या कोनावर अवलंबून. तो कोन साधणं म्हणजे तंबोरा जुळवण्यासारखं, कान तयार असेल तरच जमतं. शिवाय मुख्य केबल तुटली तर ती आडवी तार खाली टायरवर पडते, उंचवट्यांच्या टायरमध्ये अडकते आणि पुढचं चाक जागेवर धरते. त्या काळच्या सायकलींना पुढे रिफ्लेक्टरची पट्टी असे, ती ही तार झेलायलाही उपयोगी पडे. बरेच जण ती दिसायला वाईट म्हणून काढून टाकतात! व्ही-ब्रेकमध्ये आडवी तारच नाही. हात लांब असतात आणि केबल एका हातापासून दुसऱ्या हाताकडे सरळ ओढली जाते.

आता लिव्हर. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. व्ही-ब्रेकचे हात लांब असल्याने त्यांना कॅन्टिलिव्हरच्या जवळपास दुप्पट केबल ओढून हवी असते. जुनी लिव्हर तेवढी ओढतच नाही. तीच ठेवली तर लिव्हर पूर्ण दाबून हँडलला टेकते आणि रबर रिमला जेमतेम शिवतं. रबर रिमला अगदी चिकटवून ठेवलं तर ब्रेक लागतो, पण इतका एकदम की चाक जाम व्हावं. वर, चाकात थोडाही डोल असला की रबर सतत घासतं. उलट नव्या लिव्हरवर जुना कॅन्टिलिव्हर लावला तर लिव्हर हाताला छान कडक लागते आणि सायकल मात्र थांबत नाही. कडक लिव्हर म्हणजे जोरदार ब्रेक, ही समजूत इथेच फसवते. लिव्हर ज्या खिळीवर फिरते तिच्यापासून केबलचं डोकं जितकं लांब, तितकी केबल जास्त ओढली जाते. दोन लिव्हर शेजारी धरल्या की हा फरक डोळ्यांना दिसतो. व्ही-ब्रेकच्या लिव्हर माउंटन बाइकच्या केबलवाल्या डिस्कलाही चालतात, त्यामुळे त्या चांगल्यातल्या घेतल्या.

पण माझ्या सायकलवर ब्रेकची लिव्हर आणि गियरचा शिफ्टर एकाच खोक्यात होते. त्या काळी हे सर्रास असे. काहींमध्ये शिफ्टर बोल्ट काढून वेगळा करता येतो, माझ्यात येत नव्हता. म्हणजे ब्रेकपायी गियरचे शिफ्टरही नवे घ्यावे लागले. सात गियरचे सुटे शिफ्टर अजून मिळतात, म्हणून निभावलं. हा खर्च सुरुवातीच्या हिशेबात कोणी धरत नाही.

प्रत्यक्ष काम खुंट्यांपासून सुरू झालं. जुने हात काढल्यावर खाली वाळलेलं ग्रीस, गंजाचा पापुद्रा आणि कारखान्यातल्या रंगाचे थेंब निघाले. बारीक सॅन्डपेपरने खुंट्या गुळगुळीत केल्या, नव्या ग्रीसचा पातळ हात दिला. ब्रेकचा हात खुंटीवर बोटाच्या धक्क्याने सहज फिरला पाहिजे. तो अडत असेल तर स्प्रिंग कितीही ताणली तरी ब्रेक अर्धवटच सुटणार. स्प्रिंगच्या टोकासाठी खुंटीच्या बुडाशी तीन भोकं असतात, बहुतेक वेळा मधलं वापरायचं. बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरच आवळायचा. जास्त आवळला तर खुंटीची नळी फुगते आणि मोकळा फिरणारा हात अडकतो.

रबराच्या दोन्ही बाजूंना वाटीसारखे वॉशर येतात, एक जोडी पातळ, एक जाड. त्यांची अदलाबदल करून हात आत-बाहेर सरकवता येतो. रबर रिमला टेकलेलं असताना दोन्ही हात साधारण उभे समांतर दिसावेत. केबल ज्यातून वळून ब्रेकच्या हाताशी येते त्या वाकड्या नळीचं तोंड आणि केबल आवळायचा बोल्ट यांच्यात किमान ३९ मिमी अंतर राहायला हवं, नाहीतर रबर झिजल्यावर नळी बोल्टला टेकते आणि ब्रेक तिथेच संपतो. रबर रिमच्या वरच्या काठाजवळ लावलं, कारण झिजेल तसं ते खाली सरकतं. पण टायरला ते जराही शिवता कामा नये. टायरची बाजू ते बघता बघता कापून काढतं.

केबलवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं चीज झालं. आऊटर, म्हणजे केबलवरचं आवरण, ५ मिमीचा, खास ब्रेकचाच हवा. गियरचा ४ मिमीचा आऊटर दिसायला तसाच असतो, पण त्याच्या आतल्या तारा लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकचा जोर पडला की त्या फाटून बाहेर येऊ शकतात. कापल्यावर आऊटरचं टोक कानसीने सपाट केलं, आतली दबलेली प्लास्टिकची नळी टोच्याने पुन्हा गोल केली, मग टोपी चढवली. मागच्या ब्रेकला आडव्या नळीवरच्या शेवटच्या थांब्यापासून मोठं मोकळं वळण ठेवलं. वळण आखडतं असेल तर लिव्हरचा अर्धा जोर तिथेच मुरतो.

पहिल्याच चाचणीत मागचा ब्रेक किंचाळला. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तरी आवाज थोडा उरलाच. मग रबराच्या मागच्या टोकाशी जाड कागदाची घडी ठेवून, ब्रेक दाबून धरून नट आवळले. कागद काढल्यावर पुढचं टोक रिमला अर्धा-एक मिलिमीटर आधी टेकू लागलं आणि आवाज बंद झाला. त्याच वेळी रिमच्या बाजूवर पट्टी धरून पाहिली. पट्टीखाली खोलगट भाग दिसला असता तर आधी रिमच बदलावी लागली असती. बाजू झिजून पातळ झाली की हवेच्या दाबाने फाटते.

नवा पुढचा ब्रेक पहिल्यांदा दाबताना सांभाळून. इतकी वर्षं चार बोटांनी जीव खाऊन आवळायची सवय, आणि इथे दोन बोटांत मागचं चाक वर उचललं जातं. मोकळ्या जागेत आधी हळूहळू, मग जोराने थांबत रबर रिमला सरावू दिलं. पहिल्या काही फेऱ्यांनंतर केबल आणि आऊटर आपापल्या जागी बसले, लिव्हर थोडी ढिली झाली. केबल बोल्टपाशी पुन्हा ओढून घेतली, त्यानंतर लिव्हरवरच्या बारीक स्क्रूने भागतं आहे.

पाऊस मात्र पाऊसच आहे. ओल्या रिमवर कोणताही रिम ब्रेक कोरड्या रिमइतका धरत नाही. कूल-स्टॉपच्या सॅमन रंगाच्या रबराने फरक जाणवण्याइतका पडला, तरी ओल्यात मी आधीपासून हलका ब्रेक धरून रिम पुसून घेतो. चिखलातून आल्यावर रबरात रुतलेले खडे आणि चमकणारे ॲल्युमिनियमचे कण टोच्याने काढतो, नाहीतर ते रिम खातात. रबर सरकवून बदलता येतं असे शू (रबर धरणारे साचे) घेतले आहेत. ते लावताना खोबणीची बंद बाजू पुढे, सायकलच्या तोंडाकडे ठेवावी. ब्रेक लागल्यावर रिम रबराला पुढेच ओढते, आणि तिकडची बाजू उघडी असेल तर रबर सुटून निघून जातं.