चापडा की हरणटोळ?

"डोकं त्रिकोणी असलं की साप विषारी" हे ज्याने कोणी पहिल्यांदा पसरवलं ना, त्याला एकदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात फिरवून आणायला पाहिजे. दर ट्रेकला हा नियम सांगणारा एक तरी जण असतोच, आणि सांगतोही अशा आवाजात की बाकीचे माना डोलावतात. आता बघा, अजगराचं डोकं चांगलं भाल्याच्या पात्यासारखं त्रिकोणी, डोळ्याची बाहुली उभी, आणि विष शून्य. मण्यारचं डोकं मानेपासून वेगळं कळतसुद्धा नाही, नागाचंही तसंच, दोघांची बाहुली गोल, आणि हे दोघं आपल्याकडच्या सगळ्यात जहाल विषारी सापांत. मग नियम उरला कुठे?

हे सगळं परत डोक्यात आलं कारण मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीतला ग्रुप पार्कातल्या शिलोंड्याच्या वाटेवर गेला होता, बोरिवलीच्या गेटने आत, रीतसर परवानगी काढून, सोबत पार्कातल्या पाड्यावरचा एक गाईड दादा. पाऊस नुकताच थांबलेला, सगळीकडे पाणी टपकतंय, आणि पुढे चालणारा दादा एकदम हात आडवा करून थांबला. वाटेच्या कडेला, कमरेएवढ्या उंचीच्या झुडपात, फांदीला वेटोळं घालून एक हिरवागार साप बसलेला. म्हणजे इतका हिरवा की दादाने बोट दाखवूनही आमच्यातल्या दोघांना तो दिसेचना, "कुठे? कुठे?" करत ते पुढेच सरकत होते.

आणि लगेच आपलं सुरू. मंदार म्हणाला हरणटोळ, मोरे काका म्हणाले गवत्या, कोणीतरी मागून "ग्रीन मांबा" पण म्हणालं (तो आफ्रिकेत असतो, असो). मंदारचा कॉन्फिडन्स तर असा की, "काका, हरणटोळ काही करत नाही हो, मी गावाला हातात धरलाय, काठीने जरा बाजूला करतो म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल." दादा शांतपणे म्हणाला, "नको साहेब. चापडा आहे तो." म्हणजे हिरवाच, पण विषारी.

मला यातली खरी गंमत ही वाटते की दादाने सापाच्या डोक्याकडे बघितलंच नव्हतं, डोकं त्या बाजूने दिसतही नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, खाली ओहोळ आहे, बेडूक येतात, चापडा अशाच जागी दबा धरून बसतो, आणि माणूस जवळ आला तरी हलत नाही. बस. जागा आणि बसण्याची पद्धत. हरणटोळ असता तर फांदीवर लांबच लांब पसरलेला असता, वेलीसारखा, आणि वाऱ्याने फांदी हलली की तोही मुद्दाम झुललेला दिसला असता. गवत्या तर नावाप्रमाणे जमिनीवर गवतात वावरणारा, असा फांदीवर वेटोळं घालून तो कशाला बसेल.

मग मी फोनचा झूम लावून, आहे तिथूनच, फोटो काढले आणि ते मोठे करून सगळ्यांना दाखवले. चापड्याचं अंग जाड, मान बारीक आणि डोकं रुंद, आणि डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक छोटा खड्डा. हा खड्डा महत्त्वाचा, त्यातून त्याला उष्णता कळते, अंधारात उबदार रक्ताचा उंदीर समोर आला तर तो या खड्ड्यामुळेच 'दिसतो'. म्हणून इंग्रजीत याला बांबू पिट वायपर म्हणतात, पिट म्हणजे खड्डा. बाहुली उभी, मांजरासारखी. हरणटोळाची बाहुली मात्र आडवी असते, फार थोड्या सापांची अशी असते, आणि नाक पुढे टोकदार काढलेलं. अंग चाबकाच्या दोरीएवढं बारीक. चिडला की अंग फुगवतो आणि खवल्यांमधून काळी-पांढरी नक्षी दिसायला लागते. एकदा दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघितले की परत गोंधळ होत नाही, पण जंगलात दोघं शेजारी बसून थोडीच दाखवणार आहेत.

हरणटोळही अगदी बिनविषारी नाही बरं का, निमविषारी आहे, विषदंत मागे असतात, सरडे-बिरडे मारण्यापुरतं विष. गावाकडे म्हणतात तो उडी मारून टाळू फोडतो, त्यात काही तथ्य नाही. पण मंदारच्या "काही करत नाही" मध्ये खरा धोका आहे. बिनविषारी सापाला विषारी समजलात तर साप बिचारा मरतो, विषारीला साधा समजून हात लावलात तर तुम्ही गोत्यात.

अशा जोड्या आपल्याकडे बऱ्याच आहेत. सगळ्यात फसवी विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या. दोघांच्याही गडद अंगावर पांढरे पट्टे, दोघंही घरात शिरतात, दोघंही रात्रीचे. मण्यारचे पट्टे डोक्यापासून बरंच अंतर सोडून सुरू होतात, बारीक असतात, बऱ्याचदा जोडीने, आणि शेपटीकडे जास्त ठळक होत जातात. कवड्याचं उलटं, मानेपासूनच रुंद पट्टे आणि शेपटीकडे पुसट. भिंतीवर चढून पाली खातोय तो बहुतेक कवड्याच. दुसरी जोडी विषारी घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. डुरक्याचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट एकदम आखूड. मांजऱ्या आणि फुरसं पण. मांजऱ्याची बाहुली उभी, डोकं मानेपेक्षा रुंद, तरी तो निमविषारीच, आणि फुरसं म्हणून दरवर्षी मार खातो.

घरी येऊन मी फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला, म्हणजे फोटोवरून प्राणी-झाडं ओळखणाऱ्या ॲपवर. ॲपने हिरवा पिट वायपर बरोबर ओळखला, पण शास्त्रीय नावात लोक गडबडतात, कारण जुन्या पुस्तकांत ट्रायमेरेसुरस ग्रॅमिनियस असतं आणि आता क्रॅस्पेडोसेफॅलस ग्रॅमिनियस लिहितात, साप तोच. हरणटोळाचं तर अजून मजेशीर आहे. आपण सगळे त्याला वर्षानुवर्षं अहेटुला नासुटा म्हणायचो, 2020 च्या एका अभ्यासाने ते नाव फक्त श्रीलंकेतल्या सापाला ठेवलं आणि भारतातले वेगवेगळ्या जातींत वाटून टाकले. ॲपवर मी विश्वास ठेवतो, पण फोटोत डोकं आणि अंग दोन्ही स्पष्ट असेल तरच. नुसत्या शेपटीवरून ते काहीही बोलतं.

ट्रेनमध्ये परत येताना काकांनी विचारलं, समज चावला असता तर कुठला साप ते डॉक्टरला सांगायला मारून न्यायला लागला असता ना? अजिबात नाही काका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष एकच असतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी मिळून, त्यामुळे या चौघांतला कुठला हे कळलं नाही तरी उपचार अडत नाही. डॉक्टर लक्षणं बघतात, पापण्या जड होतायत का, सूज किती, काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटांत गोठतंय का. चापडा त्या चौघांत नाही, त्याच्यावर ते प्रतिविष चालत नाही, चावला तर जबरदस्त दुखतं, सूज येते, जीव सहसा जात नाही, पण हॉस्पिटलला जायचंच. लांबून फोटो असला तर दाखवा, नसला तर नको. साप शोधत बसण्यात वेळ घालवायचा नाही, चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, माणूस कमीत कमी हलवायचा आणि 108 ला फोन.

ओळखायला मला फोटो पाठवणाऱ्यांसाठी एक सांगतो. झाडावर होता की जमिनीवर, वेळ काय, जवळ पाणी होतं का, एवढं लिहा, फोटो क्रॉप करू नका, मला त्या आजूबाजूच्या पानांवरून पण कळतं. घरात शिरला असेल तर मला नको, आधी सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 ला फोन करा. आणि मांडूळ, म्हणजे लोक ज्याला दुतोंड्या म्हणतात तो बिनविषारी साप, दिसलं तर नेमकी जागा सगळ्या ग्रुपवर टाकत जाऊ नका, त्याची चोरटी विक्री करणारे पण ग्रुपवर असतात. मंदारने आमच्या चापड्याचा फोटो स्टेटसला लावला होता, खाली "हरणटोळ" लिहून. मी मेसेज केला तेव्हा म्हणतो, "अरे पण तेच नाव भारी वाटतं ना."