थांबवण्याचा धंदा: आमची वाटचाल

आरागिरणीत "मशीन बंद केली" आणि "मशीन थांबली" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे या धंद्यातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. लाल बटण दाबलं की मोटरचा आवाज जातो. वरखालच्या दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पट्टीची सूं सूं तशीच चालू राहते, आणि ४२ इंची चाकांची मशीन असेल तर चांगली तीन-चार मिनिटं. पट्टी बदलायची घाई झालेला पोरगा याच वेळात कव्हर उघडतो आणि लाकडाचा ठोकळा खालच्या चाकाच्या कडेवर दाबून धरतो. गेली वीसेक वर्षं आम्ही जे विकतो, तो ब्रेक या ठोकळ्याच्या जागी बसतो.

मूळ धंदा हा नव्हता. १९९१ पासून नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आम्ही अख्खी बँड सॉ, म्हणजे ही पट्टीची मशीनच, बनवायचो, ३६ आणि ४२ इंची. चाकं कोल्हापूरहून ओतून यायची आणि आमच्या लेथवर चढायची. ऑक्टोबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय कुठल्याही राज्याने नव्या आरागिरणीला परवानगी द्यायची नाही. जंगलासाठी ते गरजेचं होतं, यावर आमचा वाद नाही. पण त्या दिवाळीनंतर आमच्या ऑर्डरच्या वहीची पानं कोरी राहिली. नवी गिरणी नाही म्हणजे नवी मशीन नाही. उरल्या परवाना असलेल्या जुन्या गिरण्या, आणि त्या जुनी मशीन फाटेपर्यंत चालवणार. म्हणजे जुन्या मशीनवर बसेल असं काहीतरी करणं आलं.

ब्रेक सुचला तो कायद्याच्या पुस्तकातून. तेव्हाच्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २४ आणीबाणीत वीज तोडण्याची सोय प्रत्येक कामाच्या जागी मागायचं. गिरणीवाला लाल बटण दाखवतो आणि मोकळा होतो. पण वीज तोडल्यावर चाकात काय शिल्लक असतं, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो असा: ४२ इंची चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर पट्टीचा वेग सेकंदाला साधारण ३३ मीटर होतो. खालचं चाक ३५० किलो आणि वरचं २०० किलो धरलं, तर दोन्हींत मिळून दोन लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. दहा सेकंदांत थांबवायचं तर शाफ्टवर सुमारे ६४० न्यूटन मीटरचा पीळ (टॉर्क) लागतो. शाफ्टवरच्या ३०० मिमीच्या ड्रमवर हे काम दोन शूंनी, म्हणजे त्याला दोन बाजूंनी दाबणाऱ्या जबड्यांनी, करायचं तर शूवरच्या अस्तराचा, म्हणजे लायनरचा, घर्षण गुणांक ०.३५ धरून प्रत्येक शू सहाशे किलोच्या वर जोराने दाबला गेला पाहिजे. पोरग्याच्या हातातला ठोकळा किती दाबला जातो, ते वाचकांनी स्वतः ठरवावं.

हा हिशेब आता इतका सहज लिहिला. २००३ मध्ये आम्ही तो केला नव्हता, आणि तेच आमच्या अंगाशी आलं.

पहिली खेप चौदा ब्रेकची होती. त्या वेळी आम्हाला कौतुक होतं ते एकाच गोष्टीचं, मशीन तीन सेकंदांत थांबते याचं. दाखवायला हे फार छान दिसतं. बटण दाबलं, खाट्‌ आवाज झाला, चाक उभं. गिरणीमालक माना डोलवायचे. चौदापैकी नऊ ब्रेक दोन महिन्यांत परत आले. कोणाची पट्टी चाकावरून उतरली होती, कोणाची पुढे सरकून, तिला सरळ धरणाऱ्या गाईडवर घासून तडकली होती. दोन ठिकाणी ड्रमची चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर पक्कं धरणारी लोखंडी पट्टी, ढिली होऊन शाफ्टचं चावीघर खाल्लं गेलं होतं, आणि तो शाफ्ट आमच्या खर्चाने बदलून द्यावा लागला.

कारण साधं होतं. कापताना खालचं चाक पट्टीला ओढतं, त्यामुळे कापायची, म्हणजे ओंडक्याकडची बाजू ताणलेली असते. खालच्या चाकाला ब्रेक लागला की उलटं होतं. वरचं चाक आपल्या जोरात फिरत राहतं आणि पट्टी खाली ढकलतं. ताण मागच्या बाजूला जातो, कापायची बाजू सैल पडते. दहा सेकंदांत थांबवलं तर वरच्या चाकाला अडवायला पट्टीवर चव्वेचाळीस किलोच्या आसपास ओढ येते, ती पट्टी सहज सोसते. तीन सेकंदांत तीच ओढ दीडशे किलोच्या घरात जाते. त्यात पट्टीवर डिंक चढलेला, पट्टी ताणणारा वजनाचा लेव्हर अडकलेला, वरच्या चाकाचा कल जरा चुकलेला, मग ती राहते कशी? चावीचंही तेच. चालताना चावी एका अंगाने दाबलेली असते, ब्रेक लागला की दुसऱ्या अंगाला आपटते. केसाएवढी फट असली तरी दिवसातून तीस वेळा आपटून ती वाढत जाते.

नऊ जणांचे पैसे परत केले. बँकेचं कॅश क्रेडिट वरपर्यंत भरलं, दोन लेथ विकले. बल्लारपूरकडच्या एका गिरणीमालकांनी मात्र पैसे घ्यायला नकार दिला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काकांचा निरोप एवढाच आला, "पैसे ठेवा. ब्रेक नीट करून आणा, आणि या वेळी घाई करू नका." घाईचा अर्थ त्यांनी ब्रेकपुरता घेतला होता की आमच्यापुरता, हे आम्ही विचारलं नाही. पुढचा सगळा ब्रेक काकांच्याच मशीनवर घडला, म्हणून आता तोच सांगतो.

ड्रम मशीनच्या शाफ्टवरच हवा, मोटरच्या शाफ्टवर नको. मोटरवर बसवला तर सगळा पीळ व्ही-बेल्टमधून जातो. बेल्ट घसरतात, जळतात, आणि बेल्ट तुटलाच तर ब्रेकही गेला. खालच्या चाकाच्या खड्ड्यातही ड्रम नको. पट्टीचा डिंक काढायला मिस्त्री डिझेलचा बोळा लावतात, ते डिझेल ओघळून खालीच येतं, आणि डिझेल पिलेला लायनर नुसता गुळगुळीत घसरतो. शिवाय खड्ड्यात भुसा, म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून शाफ्टचं दुसरं टोक बेअरिंगच्या बाहेर वाढवून तिथे ड्रम, वर पत्र्याचं कव्हर. चावी घट्ट बसवलेली, त्यावर ड्रम आवळून धरणारा टेपर बुश. २५ किलोचा बिडाचा ड्रम असेल तर एका थांब्याला तो सोळा-सतरा अंशांनीच तापतो. पण पट्टी लावताना जुळवाजुळव करत पाठोपाठ दहा वेळा थांबवलं तर तो दीडशेच्या पुढे जाईल, हे मिस्त्रीला सांगून ठेवावं.

दाबायचं काम स्प्रिंगचं, सोडायचं थ्रस्टरचं. क्रेनवर असतो तोच हा थ्रस्टर. वीज आहे तोवर तो शू उचलून धरतो, वीज गेली की स्प्रिंग आपोआप दाबते. इथे वायरमन हमखास एक चूक करतात. थ्रस्टरची वायर मोटरच्याच टर्मिनलवरून घेतात. बटण दाबल्यावर फिरती मोटर थोडा वेळ स्वतःच वीज देत राहते, थ्रस्टर उचललेलाच राहतो, आणि ब्रेक उशिरा लागतो. त्याला वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, द्या. शू उघडल्याची खात्री करणारा लिमिट स्विचही द्या, तो लागल्याशिवाय मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर सुरूच होऊ नये. एक फेज गेला की थ्रस्टर नुसता गुणगुणतो, शू अर्धवट घासत राहतो, आणि अर्ध्या तासात कव्हरखालून धूर येतो.

शूची फट दोन्ही बाजूंना १ मिमी, फिलर गेजने बघायची, डोळ्याने नाही. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजायच्या आत बदलायचा, नाहीतर रिव्हेट ड्रमवर खाचा पाडते. शू धरणाऱ्या आर्मच्या पिनांना दर आठवड्याला ग्रीस. ओला भुसा बसला की त्या गंजून जाम होतात आणि एकच शू काम करतो.

स्प्रिंग आवळायची ती घड्याळ लावून. चाकावर खडूची रेघ मारा, ओंडका न लावता मशीन पूर्ण वेगात आणा, बटण दाबा, रेघ उभी राहीपर्यंत सेकंद मोजा. असं तीनदा. दहाच्या आसपास आलं की नट लॉक करा. आठच्या खाली आणायचा मोह होतो, तो टाळा. काका दर शनिवारी हा आकडा वहीत लिहायचे. आकडा दहाचा चौदा झाला की लायनर काढून बघायचे, आणि बहुतेक वेळा त्यावर डिझेल सापडायचं. ही वही आम्ही प्रत्येक ब्रेकसोबत देतो. भरणारे किती, ते विचारू नका.

या ब्रेकने जे होत नाही तेही सांगायला हवं. पट्टी तुटली तर खालचं चाक थांबेल, वरच्या चाकाचा त्याच्याशी संबंधच तुटलेला असतो. ते मिनिटभर तरी फिरणारच. वरच्या चाकाला वेगळा छोटा डिस्क ब्रेक देता येतो, पण त्याचा कॅलिपर चाकाच्या सरकत्या ब्रॅकेटवर बसवावा लागतो, फ्रेमवर नाही. फ्रेमवर बसवला तर ताण बदलला की डिस्क आणि कॅलिपरचा मेळ जातो. हा आमच्याकडून घेणारे थोडे. ज्यांनी घेतला नाही त्यांनी पट्टी तुटल्यावर कव्हरला हात लावण्याआधी वर बघावं.

दुसरं, ओंडका अर्धा कापलेला असताना वीज गेली तर ट्रॉली मागे ओढू नये. निलगिरीसारखं लाकूड कापता कापता चीर आवळतं, मागे ओढलं की ते पट्टीला चाकावरून खेचून आणतं. ट्रॉली जागीच धरा, पट्टी पूर्ण थांबू द्या, चिरेत पाचर मारा, मग हळूहळू मागे घ्या.

आणि वीज जाण्याचा विषय निघालाच आहे, तर आता आमच्या स्पर्धकाबद्दल. भारनियमनाच्या ऐन वर्षांत शेजारच्या जिल्ह्यातल्या एका इलेक्ट्रिक पॅनेलवाल्याने डीसी इंजेक्शनचा, म्हणजे मोटरमध्येच डीसी करंट सोडून ती थांबवणारा, डबा बाजारात आणला. भिंतीवर लटकवा, दोन वायरी जोडा, किंमत आमच्या निम्मी. लायनर नाही, ग्रीस नाही. आमची ऑर्डर वर्षभरात निम्म्यावर आली. तो डबा वाईट नव्हता, सुताराच्या २४ इंची मशीनला आजही आम्ही तोच घ्या म्हणतो. पण तो वीज असेल तरच थांबवतो. दिवसाचे आठ-दहा तास दिवे जाणाऱ्या गावात, चालू ओंडक्यात वीज गेली तेव्हा त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. वर ती दोन लाख ज्यूलची उष्णता ड्रमऐवजी मोटरच्या रोटरमध्ये जाते. वारंवार थांबवणाऱ्या गिरण्यांच्या मोटरी रिवाइंडिंगला यायला लागल्या, तेव्हा लोक परत आमच्याकडे वळले. "तुम्ही आधी का नाही सांगितलं?" असं विचारणारेही निघाले. सांगितलं होतं. छापील कागदावर सांगितलं होतं.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. ब्रेक बनले, विकले गेले. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर परवान्याचं काम राज्यस्तरीय समित्यांकडे आलं आणि नव्या मशीनची विचारणा पुन्हा सुरू झाली, पण तोवर चाकं ओतायचे लाकडी पॅटर्न (नमुने) आम्ही भंगारात काढले होते. ते काढायला नको होते.

पॅनेलवाल्याने पुढे स्वतःच स्प्रिंगचा शू ब्रेक काढला. आमच्या आर्मला वरून चार इंचांवर १२ मिमीचं एक भोक असतं. ब्रेकच्या कामात त्याचा काही उपयोग नाही. आमच्या वेल्डिंगच्या जिगमध्ये, म्हणजे पकडसाच्यात, आर्म धरायला ते पाडलेलं आहे, आणि आमची जिग आमच्याच शेडमध्ये आहे. त्याच्या आर्मलाही चार इंचांवर तेच भोक आहे.