जनावराला काय हुतंय!

आमच्या घरात सुया टोचणारे दोघं. मी पशुधन पर्यवेक्षक, बायको आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे नर्स. गावात तिला ‘सिस्टर’ म्हणतात आणि मला ‘डॉक्टर’, जो मी नाही. तिचं गिऱ्हाईक रडतं, माझं लाथ मारतं. बाकी काम तेच.

फरक सुईत नाही, लोकांच्या नजरेत आहे. लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन आलेला बाप पाकीट फोडेपर्यंत सिस्टरच्या हाताकडं टक लावून बघतो. ‘नवीनच हाय ना?’ त्याला ठाऊक नसतं, की ती एडी सिरिंज एकदा दाबली की अडकते, दुसऱ्यांदा भरताच येत नाही. तरी त्यानं विचारलेलं मला आवडतं. 2009 साली गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंजा फिरल्या आणि कावीळ बी नं माणसं गेली.

तोच बाप संध्याकाळी गोठ्यात मला म्हणतो, ‘तीच सुई चालू द्या की डॉक्टर, जनावराला काय हुतंय!’

व्हायचं ते होतं. 2022 ला लंपी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग, आला तेव्हा आम्ही शेळ्यांच्या देवीची लस गाईंच्या कातडीखाली देत होतो. लंपीचा विषाणू डास-माश्या नेतात, तसा सुईसुद्धा नेते. अंगात रोग मुरत असलेल्या, पण अजून गाठी न उठलेल्या गाईची सुई शेजारच्या गाईला लावली, तर लसीकरणाच्या नावाखाली रोगच वाटत सुटलो म्हणायचं. म्हणून दर जनावराला नवी सुई. दावणीला वीस गुरं असली की मालकाला हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

आणि जनावराची सुई माणसालाही गाठते. ब्रुसेल्ला, म्हणजे गाईंचा गर्भ पाडणारा आणि माणसालाही होणारा रोग. त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, फक्त माद्यांना देतात. ती जिवंत जंतूंची लस. कालवडीनं हिसडा दिला आणि सुई आपल्याच अंगठ्यात गेली, तर येणारा-जाणारा ताप, घाम, सांधेदुखी मागं लागू शकते. त्या दिवशी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि धरणाराही खमक्या हवा. टोचलीच तर साबण लावून वाहत्या पाण्यात धुवायचं आणि माणसांच्या डॉक्टरला लसीचं नाव सांगायचं. जखम बारकी आहे म्हणून घरी बसायचं नाही.

जागेच्या बाबतीत मात्र आमच्या दोघांचं एकमत. पार्श्वभागातून पायाची मोठी नस, म्हणजे मज्जातंतू (रक्ताची शीर नव्हे), जाते. तिला धक्का लागला तर पाय लुळा पडतो. म्हणून तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, आणि गाईला मानेत. ‘कुल्ल्यावरच द्या, तिथं मांस जास्त,’ असं सांगणारी आजी सिस्टरला भेटते, तशी मलाही भेटते. गाईच्या मानेत आधी नुसती सुई घालायची, रक्त आलं तर काढून दुसरी जागा बघायची, मगच सिरिंज जोडायची.

औषध कुठलं, तेही विचारत जा. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध जनावरांना 2006 पासून बंद आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. बंदीनंतरही माणसांच्या 30 मिलिच्या बाटल्या गोठ्यात पोचायच्या, म्हणून 2015 मध्ये 3 मिलिपेक्षा मोठी बाटलीच बंद केली. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम आहे, गिधाडांना ते बाधत नाही.

राहिला उकिरडा. खाजगीत कुणी सुई देऊन गेलं की ती सरळ शेणात फेकतात. शेणाबरोबर ती खतात जाते, खताबरोबर रानात, आणि खुरपायला अनवाणी बसलेल्या बाईच्या तळव्यात. जाड प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला भोक पाडा, टोपण परत बसवायच्या भानगडीत न पडता सुई आत टाका. डबा भरला की दवाखान्यात आणून द्या. आमच्याकडं दिला काय, सिस्टरकडं दिला काय, कुणी नाही म्हणत नाही.